हेरिटेज, कॉमिककनेक्ट, कॉमिकलिंक की ईबे? जुन्या अमेरिकन कॉमिकसाठी बोली कुठे आणि कशी लावावी

'इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंक, नोव्हेंबर १९७४. वुल्व्हरिनचं पहिलं पूर्ण दर्शन याच अंकात आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या कॉमिक-लिलावात याची एखादी प्रत सापडतेच. एकाच श्रेणीच्या, सीजीसीच्या (अंकाची अवस्था तपासून त्याला श्रेणी देणाऱ्या कंपनीच्या) एकाच रंगाच्या लेबलाच्या दोन प्रती एकाच महिन्यात दोन ठिकाणी विकल्या जातात आणि खरेदीदारांच्या खिशातून जाणाऱ्या रकमांत शेकडो डॉलरचा फरक पडतो. हे नशिबाने क्वचितच होतं. लिलाव कोणत्या नियमाने संपतो आणि हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, वरून काय काय चढतं, या दोन गोष्टींवर बहुतेक सगळं ठरतं. या चार ठिकाणांचा आढावा त्याच दोन बाजूंनी घेतला आहे. कोण किती नावाजलेलं आहे, याला इथे फारसं महत्त्व नाही.

हेरिटेज: माहिती सर्वात जास्त, वरचा खर्चही सर्वात जास्त

डॅलसमधली ही संस्था १९७६ पासूनची. कॉमिकच्या विक्रमी विक्रींची यादी काढली तर हिचं नाव पुन्हा पुन्हा येतं. फेब्रुवारी २०१० मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' २७ इथे १०,७५,५०० डॉलरला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये 'अमेझिंग फँटसी' १५ ची ९.६ श्रेणीची प्रत ३६ लाख डॉलरला, एप्रिल २०२४ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स' १ ची ८.५ श्रेणीची प्रत ६० लाखांना, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सुपरमॅन' १ ची ९.० श्रेणीची प्रत ९१ लाख २० हजार डॉलरला विकली गेली. सामान्य संग्राहकाचा संबंध मात्र या संस्थेच्या आठवडी इंटरनेट लिलावांशी येतो. तिथे शंभर-दोनशे डॉलरचे अंकही असतात.

इथे पहिली ठेच लागते ती खरेदीदाराच्या अधिभाराला, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर संस्था घेते त्या जादा टक्केवारीला. कॉमिकसाठी तो बराच काळ २० टक्के राहिला आहे, आणि त्याशिवाय दर लॉटमागे (लिलावातल्या एका नगामागे) एक किमान रक्कम ठरलेली असते. त्या किमान रकमेमुळे चाळीस डॉलरचा अंक इथून घेणं जवळजवळ नेहमीच तोट्याचं. लॉटच्या पानावर बोलीच्या खाली 'अधिभारासह' असा दुसरा आकडा येतो. बोली लावण्याआधी तो वाचायची सवय हवी, आणि अटींत टक्केवारी बदलली आहे का हे दर लिलावाला पाहायला हवं.

गणित नेहमी उलट्या दिशेने करायचं. समजा, घरात पोचेपर्यंत एकूण ३,००० डॉलरच्या वर जायचं नाही आणि पार्सल न्यू जर्सीला जाणार आहे. तिथला विक्रीकर ६.६२५ टक्के, आणि तो अधिभारावर व पाठवणीच्या खर्चावरही लागतो. ३,००० ला १.०६६२५ ने भागलं की साधारण २,८१३ उरतात. पाठवणी-विम्याचे ४५ वजा केले की २,७६८. त्याला १.२ ने भागलं की २,३०७. म्हणजे खिशात ३,००० असले तरी बोलीची कमाल मर्यादा २,३०७. अधिभार नसलेल्या ठिकाणी पाठवणीला २५ डॉलर धरले तर तोच हिशेब २,७८८ वर येतो. एकाच माणसाचं एकच बजेट, पण बोलीत ४८१ डॉलरचा फरक. ज्याला हे ठाऊक नाही तो हेरिटेजवर नेहमी जास्त मोजतो आणि वर 'स्वस्तात मिळालं' असंही समजतो.

जुन्या विक्रींच्या किमती पाहतानाही हाच घोटाळा होतो. हेरिटेजचा विक्रीसंग्रह नाव नोंदवलं की फुकट पाहता येतो आणि चित्रं इतकी मोठी असतात की कण्यावरची बारीक मोड मोजता येते. ही या संस्थेची सर्वात मोठी देणगी आहे, तिथून एकही अंक न घेणाऱ्यांसाठीसुद्धा. पण त्यातले आकडे अधिभार धरून दिलेले असतात. संग्रहात ३,००० दिसत असतील तर शेवटची बोली २,५०० होती. तो ३,००० चा आकडा मनात धरून पुन्हा हेरिटेजवरच ३,००० ची बोली लावली, तर बिल ३,६०० चं येतं.

बोलीची रचना समजायला वाशीच्या बाजारातला रुमालाखालचा सौदा आठवावा. तुम्ही कमाल रक्कम टाकता, ती कुणाला दिसत नाही, आणि यंत्रणा समोरच्याच्या वर एक पायरी एवढंच तुमच्या वतीने चढते. दोघांनी सारखीच कमाल रक्कम टाकली असेल तर आधी टाकणाऱ्याला लॉट मिळतो. पायऱ्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतात, त्यामुळे २,३०७ ही मर्यादा अशी हवेत राहत नाही, ती एखाद्या पायरीवर उतरवावी लागते. खालच्या पायरीवर थांबायचं की वरच्या, हे शांत डोक्याने आदल्या दिवशी लिहून ठेवावं. ऐन वेळी हात वरच्याच पायरीकडे जातो.

मोठ्या 'सिग्नेचर' लिलावांत इंटरनेटवरच्या बोलींनंतर थेट सत्र होतं, 'एक वार, दोन वार, तीन वार' च्या चालीवर, फक्त कितीतरी वेगाने. थेट चित्र पडद्यावर किंचित उशिरा पोचतं, त्यामुळे बटण दाबेपर्यंत हातोडा पडलेला असतो. सत्र सुरू व्हायच्या आधीच कमाल रक्कम टाकून ठेवावी आणि थेट बोली फक्त एखाद्या पायरीची दुरुस्ती म्हणून वापरावी. नवीन खातेदाराला मोठ्या बोलीसाठी आधी मंजुरी घ्यावी लागते, म्हणून लिलावाच्या दिवशी नाव नोंदवून काही साधत नाही. निदान आठवडाभर आधी नोंदवावं.

एक बारीक गोष्ट. एकाच सत्रात एकाच अंकाच्या दोन-तीन प्रती लागोपाठ असतील तर पहिलीवर सगळे तुटून पडतात आणि नंतरच्या बऱ्याचदा थोड्या कमी किमतीला जातात. ऑर्ली ॲशनफेल्टर या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये दारूच्या लिलावांत हीच घसरण दाखवली होती. कॉमिकमध्ये ती दरवेळी दिसेल असं नाही, पण पहिल्या प्रतीवर मर्यादा ओलांडावीशी वाटली तर यादीत पुढे काय आहे ते पाहून घ्यावं.

कॉमिककनेक्ट: तीन मिनिटांचा खेळ

न्यूयॉर्कची ही संस्था 'मेट्रोपोलिस कलेक्टिबल्स'वाल्या स्टीफन फिशलर आणि व्हिन्सेंट झुर्झोलो यांची. दहा लाख डॉलरला विकलं गेलेलं पहिलं कॉमिक इथलंच: 'ॲक्शन कॉमिक्स' १, ८.० श्रेणी, फेब्रुवारी २०१०. नोव्हेंबर २०११ मध्ये हॉलिवूड अभिनेता निकोलस केजची 'ॲक्शन' १ ची प्रतही इथेच २१ लाख ६१ हजारांना गेली. ती २००० साली त्याच्या घरातून चोरीला गेली होती आणि २०११ मध्ये परत मिळाली.

खरेदीदाराकडून वेगळा अधिभार न घेणं ही या दुकानाची जुनी ओळख. पण इथली खरी गोष्ट म्हणजे घड्याळ. शेवटच्या तीन मिनिटांत कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा तीन मिनिटांवर जातं, आणि तीन मिनिटं कुणीच काही बोलत नाही तोवर लॉट सुटत नाही. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला झडप घालण्याला काही अर्थ उरत नाही. समोरच्याला उत्तर द्यायला नेहमी तीन मिनिटं मिळतातच.

विकणाऱ्याच्या दृष्टीने हा सर्वात न्याय्य प्रकार आहे, किंमत जिथे थांबायला हवी तिथेच थांबते. विकत घेणाऱ्यासाठी मात्र हा सर्वात थकवणारा. दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की 'अजून एकच पायरी' करत अर्धा तास सहज जातो, आणि प्रत्येक पायरी लहान वाटते. उपाय एकच: आपली खरी कमाल रक्कम शेवटच्या काही मिनिटांत एकदाच टाकायची आणि खिडकी बंद करायची. एक-एक पायरी चढत राहिल्याने समोरच्याला दिसतं की तुम्ही अजून मैदानात आहात, आणि त्याचा हट्ट वाढतो. एका फटक्यात मोठी कमाल रक्कम लागली आणि त्याची प्रत्येक बोली ताबडतोब ओलांडली गेली, तर तो लवकर सोडून देतो.

कॉमिकलिंक: अधिभार नाही, मुदतवाढ नाही

इथे लिलाव ठरलेल्या मिनिटाला संपतो. लॉट एकामागोमाग एक बंद होत जातात आणि प्रत्येकाचा शेवट वेगळा असतो. स्लॅबबंद (सीजीसीच्या कडक प्लास्टिकच्या डब्यात बंद केलेल्या), मध्यम किमतीच्या मार्व्हल-डीसी अंकांसाठी ही जागा चांगली आहे. गंभीर संग्राहक सोडून फारशी गर्दी नसते, त्यामुळे पार वेड्या किमती कमी दिसतात. तसंच, अगदी फुकटात काही सुटतही नाही. चुकतं ते घड्याळाचं. चार लॉट एकाच रात्री हवे असतील तर प्रत्येकाची बंद होण्याची वेळ कागदावर भारतीय वेळेत मांडून ठेवावी. पहिल्या लॉटवर गुंतून दुसरा निसटला, हे इथे नेहमी होतं. चित्रांचा दर्जा हेरिटेजएवढा नाही, म्हणून कडा आणि मागचं मुखपृष्ठ पाहायला सीजीसीच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्र क्रमांक टाकून तिथलं चित्र असेल तर तेही बघावं.

ईबे: सगळ्यात जास्त माल, सगळ्यात जास्त डोळे उघडे

ऑगस्ट २०१४ मध्ये 'ॲक्शन' १ ची ९.० श्रेणीची प्रत इथे ३२,०७,८५२ डॉलरला विकली गेली, तेव्हा ईबेवर फक्त किरकोळ माल मिळतो हे म्हणणं मागे पडलं. शेवट ठरलेल्या सेकंदाला, मुदतवाढ नाही. अल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये ईबे आणि तेव्हाच्या ॲमेझॉन लिलावांची तुलना छापली होती. ॲमेझॉनवर शेवटच्या बोलीने मुदत वाढायची, ईबेवर वाढत नसे, आणि शेवटच्या क्षणाच्या बोलींची गर्दी ईबेवरच कितीतरी जास्त होती. घड्याळाचा नियम बदलला की माणसांचं वागणं बदलतं. म्हणून कॉमिककनेक्टवरची सवय इथे आणू नये, आणि इथली तिकडे नेऊ नये.

ईबेवर आठवडाभर आधी बोली लावणं म्हणजे आपला रस जाहीर करणं. लॉटवर लक्ष ठेवावं, पण बोली शेवटच्या सहा ते आठ सेकंदांत लावावी. याहून उशीर केला तर इंटरनेटचा एखादा झटका पुरतो. मोबाइलच्या ॲपवर बोली पक्की करायला आणखी एक पडदा येतो, तो वेळ धरावा. हे काम करणाऱ्या स्वयंचलित सेवाही आहेत, पण त्यांना खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो, तेव्हा तो वेगळा ठेवावा आणि काम झाल्यावर बदलावा.

रक्कम गोल आकड्यात कधीच टाकू नये. ईबेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: १०० ते २४९.९९ डॉलरपर्यंत अडीच, ५०० ते ९९९.९९ पर्यंत १०, १,००० ते २,४९९.९९ पर्यंत २५, त्यापुढे ४,९९९.९९ पर्यंत ५०. पण पायरीचं बंधन तुम्ही बोली टाकता त्या क्षणी दिसणाऱ्या किमतीला लागतं, समोरच्याच्या लपलेल्या कमाल रकमेला नाही. किंमत ८०० दिसत असेल, समोरच्याने गुपचूप १,००० टाकलेले असतील आणि तुम्ही १,००३.५७ टाकले, तर लॉट तुमचा, १,००३.५७ ला. तुम्हीही १,००० च टाकले असते तर तो त्याचा, कारण बरोबरीत आधी आलेला जिंकतो. बहुतेक माणसं ५००, १,०००, १,५०० असे आकडे टाकतात. वरचे तीन-चार डॉलर इथे खरोखर कामाचे असतात.

बोलींचा इतिहास उघडून पाहावा. शून्य किंवा दोन-चार अभिप्रायांची खाती एकाच विक्रेत्याच्या मालावर पुन्हा पुन्हा बोली लावत असतील आणि जिंकत मात्र नसतील, तर किंमत फुगवली जात असण्याची शक्यता मोठी. बोली मागे घेतलेली दिसली तर जास्तच सावध व्हावं. शेवटच्या बारा तासांत, लावल्यापासून एका तासाच्या आतच ती मागे घेता येते. त्याआधी मात्र मोठी बोली टाकून समोरच्याची मर्यादा उघडी पाडायची आणि मग 'चुकून टाकली' म्हणून काढायची, हा प्रकार चालतो. शेवटच्या सेकंदाला बोली लावणाऱ्यावर यातलं काहीच चालत नाही, हे त्या पद्धतीचं आणखी एक बळ.

स्लॅबच्या आत काय आहे

चारही ठिकाणी बहुतेक महागडे अंक सीजीसीच्या बंद प्लास्टिकमध्ये येतात. श्रेणी ०.५ ते १० पर्यंत. फक्त आकडा पाहून बोली लावणाऱ्याला लेबलाचा रंग फसवतो. निळं लेबल साधं, पिवळं साक्षीने घेतलेल्या सहीचं, जांभळं दुरुस्ती केलेल्या अंकाचं, हिरवं 'क्वालिफाइड', म्हणजे एखादा मोठा दोष बाजूला ठेवून श्रेणी दिलेल्या अंकाचं. हल्क १८१ मध्ये हिरवं लेबल मुख्यतः एका कारणाने दिसतं. मार्व्हलने १९७४ मध्ये पत्रव्यवहाराच्या पानांवर तिकिटासारखे छोटे शिक्के छापायला सुरुवात केली आणि मुलांनी ते कात्रीने कापून वहीत चिकटवले. बाहेरून तकतकीत अंक, आतून शिक्का गायब. अशा प्रतीची किंमत साध्या निळ्या लेबलाच्या तुलनेत फार खाली असते. स्लॅब नसलेला हल्क १८१ घेताना विक्रेत्याकडून त्या पानाचं आणि त्याच्या मागच्या बाजूचं छायाचित्र मागावंच. टाळाटाळ झाली तर लॉट सोडावा.

पानांचा रंग लेबलावर लिहिलेला असतो. 'व्हाइट' आणि 'क्रीम टू ऑफ-व्हाइट' यांत एकाच श्रेणीतही किमतीचा फरक पडतो, आणि तो बहुतेक वेळा रास्त असतो, कारण पिवळट पडलेला कागद पुढेही पिवळाच होत जातो. २०२३ च्या अखेरीस जुन्या डब्यांतून मूळ अंक काढून हलक्या प्रती घुसवल्याचं प्रकरण उघड झालं. तेव्हापासून प्रमाणपत्र क्रमांक तपासणं, सीजीसीकडचं चित्र असेल तर लॉटच्या चित्राशी ताडणं आणि डब्याच्या कडा पाहणं हे बोलीआधीचं काम झालं आहे. मुखपृष्ठावरची मोड, स्टेपलची जागा, छपाईचं तिरपेपण हे प्रत्येक प्रतीचं बोटांच्या ठशासारखं असतं.

मर्यादा ठरवताना

शेवटच्या पाच-सहा विक्री घ्याव्यात, त्याच श्रेणीच्या, त्याच लेबलाच्या. सर्वात वरची किंमत काढून टाकावी. ती बहुधा दोन हट्टी माणसांमधली असते. २०२१ आणि २०२२ च्या पूर्वार्धातल्या किमती बाजूला ठेवाव्यात, तेव्हा बाजार चढलेला होता आणि नंतर बऱ्यापैकी खाली आला. उरलेल्यांचा मध्य हा बोलीचा पाया. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री (Vickrey) यांनी १९६१ मध्येच मांडलं होतं की विजेत्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल तर आपली खरी किंमत बोलणं हीच सर्वात चांगली चाल. ईबे आणि हेरिटेजची लपवलेली कमाल रक्कम जवळजवळ असाच लिलाव आहे. त्यामुळे कमी टाकून 'बघू' म्हणण्यात हुशारी नाही, आणि जिंकायचंच म्हणून जास्त टाकण्यातही नाही.

भारतातून किंवा न्यू जर्सीतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर

वेळेचा हिशेब पक्का हवा. डॅलसची रात्रीची दहाची वेळ उन्हाळ्यात पुण्या-मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. ईबेच्या घड्याळात कॅलिफोर्नियाची संध्याकाळची सहाची वेळ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचं घड्याळ बदलतं, त्या आठवड्यांत हमखास चूक होते.

परकीय चलनावर बँकेचं कार्ड बहुधा दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लावतं, तो खर्च मर्यादेतून आधीच वजा करावा. भारतात थेट मागवताना सीमाशुल्क कोणत्या शीर्षाखाली लागेल हे कुरिअर कंपनीला बोली लावण्याआधी विचारावं. छापील पुस्तक म्हणून आणि वैयक्तिक पार्सल म्हणून लागणाऱ्या दरांत मोठा फरक असतो. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडे पाठवलं तर त्या राज्याचा विक्रीकर लागतो, आणि विक्रेत्याचा विमा साधारणपणे तिथल्या दारापर्यंतच. पुढचा प्रवास स्वतःच्या जोखमीवर. स्लॅब विमानात हातातल्या बॅगेतच, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, उभा ठेवावा. सामानात टाकला तर डब्याचा कोपरा तडकतो, आणि आतला अंक हलून कोपऱ्यांना दुमडतो ते त्याहून वाईट, कारण श्रेणीचा आकडा तसाच राहतो आणि अंक तसा राहत नाही.

मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक, १९६४ पासून मुंबईहून निघालेले, आज बहुतांशी फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या गटांत विकले जातात. तिथे 'रात्री दहापर्यंत बोली' एवढाच नियम असतो आणि दहा वाजून चार सेकंदांनी आलेल्या बोलीवरून भांडणं होतात. गटचालकांनी तीन मिनिटांच्या मुदतवाढीचा नियम आधीच लिहून लावला तर विकणाऱ्याला योग्य किंमत मिळेल आणि घेणाऱ्याची कुरबुरही थांबेल. पायरीही आधीच ठरवावी: ५०० रुपयांपर्यंत २०, त्यापुढे ५०.

कुठे काय घ्यावं

पाचशे डॉलरच्या खालचे अंक ईबेवर, शेवटच्या सेकंदांत. पाचशे ते पाच हजारांमधले स्लॅब आधी कॉमिकलिंकवर पाहावेत, मग ईबेवर. पाच हजारांच्या वर गेलं की कॉमिककनेक्ट आणि हेरिटेज. दुर्मीळ मूळ चित्रं किंवा सुवर्णयुगातले (साधारण १९३८ ते १९५० च्या दशकातले) अंक हेरिटेजवर जितके येतात तितके कुठे येत नाहीत, तेव्हा अधिभार धरूनच तिथे जावं. पार्सल आल्यावर खोका कापण्यापासून सलग चित्रीकरण करावं, प्रमाणपत्र क्रमांक कॅमेऱ्यासमोर स्पष्ट दाखवावा, आणि डब्याचे चारही कोपरे उजेडात फिरवून पाहावेत. तक्रारीची मुदत काही ठिकाणी फारच थोडी असते, म्हणून हे त्याच दिवशी उरकावं.